एक सर्वसाधारण सभा आणि सूक्ष्म अर्थशास्त्राचे शेवटचे प्रकरण

फळा_खडू

मी वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते. मागणी, पुरवठा, लवचिकता आणि मक्तेदारी होईपर्यंत सत्र संपत आलेले असते. पुस्तकाच्या शेपटाला माहितीची विषमता (व्यवहारात एकाला ठाऊक असते ते दुसऱ्याला नसणे), मतदानाच्या पद्धती आणि वर्तनात्मक अर्थशास्त्र (माणसे हिशेबी यंत्रासारखी न वागता प्रत्यक्षात कशी निवड करतात याचा अभ्यास) असे तीन विषय एकत्र बांधलेले प्रकरण असते, ते बहुतेक वेळा ‘घरी वाचा’ या सदरात जाते. कुठेच न बसलेल्या गोष्टी तिथे कोंबल्या आहेत असे मुलांना वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या अलीकडच्या सर्वसाधारण सभेनंतर माझे मत बदलले, म्हणून हा धागा काढत आहे.

आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची असून तिला लिफ्ट नाही. निधीत एकाच मोठ्या कामापुरते पैसे होते आणि समोर तीन प्रस्ताव होते: लिफ्ट बसवणे, बाहेरून रंग देणे, किंवा जिन्याचे दिवे व पाण्याचा पंप चालवण्यासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवणे. सभेला वीस सभासद हजर होते. सचिवांनी कार्यक्रमपत्रिकेत आधी लिफ्ट आणि रंग यांच्यात मतदान घेतले, त्यात लिफ्टला १३ आणि रंगाला ७ मते पडली. मग जिंकलेली लिफ्ट आणि सौर पॅनेल यांच्यात मतदान झाले आणि सौर पॅनेल १२ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाले. कोणी तक्रार केली नाही, कारण दोन्ही वेळा हात स्वच्छ मोजले गेले होते.

सभेनंतर चहा घेताना मी शिक्षिकेच्या सवयीने प्रत्येकाकडून तिन्ही कामांचा पसंतीक्रम एका चिठ्ठीवर लिहून घेतला. वरच्या मजल्यांवरच्या आठ जणांचा क्रम लिफ्ट, रंग, सौर असा निघाला. तळमजला आणि पहिल्या मजल्यावरच्या सात जणांना रंग पहिला, सौर दुसरे आणि लिफ्ट शेवटी हवी होती, कारण जी लिफ्ट आपण वापरणार नाही तिची वर्गणी का भरावी, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. उरलेल्या पाच जणांना सौर, मग लिफ्ट, मग रंग असा क्रम हवा होता. सचिव या पाचांपैकी एक.

आता याच वीस चिठ्ठ्या तीन प्रकारे मोजून पाहा. प्रत्येकाची फक्त पहिली पसंती मोजली, म्हणजे आपल्या लोकसभेच्या निवडणुकीसारखी, तर ८, ७ आणि ५ अशी मते पडून लिफ्ट जिंकते. पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक आणि तिसरीला शून्य दिले, तर रंगाला २२, लिफ्टला २१ आणि सौर पॅनेलला १७ गुण मिळून रंग जिंकतो. गुण देण्याची ही पद्धत अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती बोर्दा यांच्या नावाने ओळखली जाते. आणि सचिवांनी लावली तशी जोड्यांची झुंज लावली, तर सौर पॅनेल जिंकते. माणसे तीच, त्यांची मनेही तीच, फक्त मोजणी बदलली की निकाल बदलतो.

जोड्यांच्या झुंजीत तर याहून विचित्र गोष्ट दडली आहे. लिफ्ट रंगाला १३–७ हरवते, रंग सौर पॅनेलला १५–५ हरवतो आणि सौर पॅनेल लिफ्टला १२–८ हरवते. एखाद्या माणसाने आंबा फणसापेक्षा, फणस काजूपेक्षा आणि काजू आंब्यापेक्षा जास्त आवडतो असे सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण वीस शहाणी माणसे एकत्र बसली की त्यांचे बहुमत नेमके असेच बोलू लागते. फ्रेंच विचारवंत कॉन्दॉर्से यांनी १७८५ साली हा विरोधाभास मांडला होता. अशा चक्रात जे काम शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवले जाते ते जिंकते, त्यामुळे सचिवांनी मतांत कोणतीही लबाडी केली नव्हती, फक्त कार्यक्रमपत्रिका लिहिली होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या शेवटच्या प्रकरणातले तिन्ही विषय मुळात एकाच गोष्टीबद्दल आहेत. आधीच्या सगळ्या प्रकरणांत आपण धरून चालतो की लोकांना काय हवे ते ठरलेले आहे, त्यांना सगळे ठाऊक आहे आणि बाजारभाव किंवा मतमोजणी ते जसेच्या तसे बाहेर आणते. शेवटचे प्रकरण विचारते की प्रश्न कोणी मांडला. बाकीच्या दोन विषयांचे दाखलेही त्याच सभेत आहेत, पण ते पुढे लिहीन. आधी जाणकारांनी वरच्या हिशेबात चूक असेल तर दाखवावी.

शून्यबेरीज

हिशेब बरोबर आहे, पण त्यातून निघणारी एक गोष्ट राहून गेली. वरच्या मजल्यावरच्या आठ जणांना पुढची फेरी काय होणार याचा अंदाज असता, तर त्यांपैकी फक्त चौघांनी पहिल्या फेरीत मनाविरुद्ध रंगाला हात वर करायचा होता. मग रंग ११–९ ने पुढे गेला असता आणि दुसऱ्या फेरीत सौर पॅनेल १५–५ ने पडले असते. त्यांची पहिली पसंती हुकलीच असती, पण तिसरी टळली असती. गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटर्थवेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय निवडून येऊ शकत असतील, तर कोणा एकाची हुकूमशाही सोडून प्रत्येक मतदान पद्धतीत असा खोटे मत देऊन फायदा होण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. ‘मत वाया घालवू नका’ असे आपण निवडणुकीत ऐकतो त्याचे गणिती रूप हेच.

अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांच्या १९५१ सालच्या प्रमेयाबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण त्याचा उल्लेख झाला की ‘लोकशाही अशक्य आहे हे सिद्ध झाले’ असा प्रतिसाद ठरलेला असतो. प्रमेय तसे म्हणत नाही. ते म्हणते की तीन किंवा अधिक पर्याय असताना लोकांचे पसंतीक्रम कसेही असले तरी समाजाचा सुसंगत क्रम देणारी पद्धत हवी असेल, सगळ्यांना एक पर्याय दुसऱ्यापेक्षा आवडत असेल तर समाजाचेही तेच मत हवे असेल, आणि दोन पर्यायांतला निर्णय तिसऱ्या पर्यायाच्या असण्या-नसण्याने बदलू नये अशीही अट असेल, तर या सगळ्या अटी पाळणारी एकच पद्धत उरते, ती म्हणजे कोणा एकाचेच म्हणणे चालणे. म्हणजे यांपैकी काहीतरी सोडावे लागते, आणि काय सोडायचे याची निवड आपल्याकडेच असते.

‘पसंतीक्रम कसेही असले तरी’ ही अट सोडली तर बराच मोकळा श्वास घेता येतो. समजा तुमच्या सभेत मासिक देखभाल शुल्क किती असावे हा प्रश्न असता आणि ५००, १००० किंवा १५०० रुपये असे पर्याय असते. ज्याला ५०० हवे आहेत त्याला १५०० पेक्षा १००० परवडणारच, कारण पर्याय एका रेषेवर आहेत आणि प्रत्येक जण आपल्या आवडत्या बिंदूपासून दूर जाताना नाराज होत जातो. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये दाखवले की अशा वेळी चक्र तयार होत नाही आणि मधल्या मतदाराला हवा असलेला आकडा जोड्यांच्या प्रत्येक झुंजीत टिकतो. लिफ्ट, रंग आणि सौर पॅनेल यांना मात्र एका रेषेवर बसवता येत नाही.

निरीक्षक

पसंतीक्रमाची मतपत्रिका हा पाश्चात्त्य पुस्तकातला प्रकार वाटत असेल तर आपल्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवावी. ती एकल संक्रमणीय मत पद्धतीने होते, म्हणजे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि त्याचा उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जाते, आणि दुसऱ्या पसंतीवर निकाल लागल्याचे उदाहरण १९६९ सालचे आहे. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, व्ही. व्ही. गिरी अपक्ष होते आणि इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले होते. तिसरे प्रमुख उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून मराठी माणसाला ते ठाऊक असतात, पण जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर ते या निवडणुकीत उभे होते हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतके मतमूल्य (आमदार-खासदारांच्या मतांना ठरवून दिलेले वजन) मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ लागत होते, म्हणजे कोणीच पोहोचले नव्हते. मग सर्वांत खालच्या उमेदवारापासून एकेकाला बाद करत त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाचली गेली. देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्यावर त्यांतील बहुतेक रेड्डींकडे गेल्या आणि तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली होती.

मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. देशमुख बाद झाले, म्हणून त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती वाचली गेली. गिरी आणि रेड्डी शेवटपर्यंत राहिले, म्हणून त्यांच्या मतदारांनी दुसरे नाव कोणाचे लिहिले होते हे मोजणीला विचारावेच लागले नाही. गिरींना मानणाऱ्यांना रेड्डी नको होते आणि रेड्डींना मानणाऱ्यांना गिरी नको होते, एवढे तर त्या काळाच्या राजकारणावरून दिसते. मग समोरासमोरच्या झुंजीत देशमुखांनी दोघांनाही हरवले असते का, या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदांवर होते, पण ही पद्धत ते कधी वाचतच नाही. तुमच्या वीस चिठ्ठ्या या पद्धतीने मोजल्या तर पाच मतांचे सौर पॅनेल आधी बाद होईल, त्या पाचांची दुसरी पसंती लिफ्टला जाईल आणि लिफ्ट १३–७ ने जिंकेल. जे सभेत जिंकले तेच इथे पहिल्याच फेरीत बाद.

सराफकट्टा

मतदानाचे मला फारसे कळत नाही, पण माहितीची विषमता हा आमच्या घरचा धंदा आहे, म्हणजे ती दूर करण्याचा. तीन पिढ्या सराफीत गेल्या. जुना दागिना मोडीत घेताना गिऱ्हाईक म्हणते की सोने बावीस कॅरेटचे आहे, आम्ही कसोटीवर घासतो, आणि मग घट किती कापायची यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने पाहतात. दागिन्यात काय आहे हे घडवणाऱ्याला ठाऊक असते, घालणाऱ्याला पन्नास वर्षे घालूनही नसते.

जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० सालचा जो निबंध या विषयाचा पाया मानतात, त्यात जुन्या मोटारींचे उदाहरण प्रसिद्ध झाले. वाईट गाडी कोणती हे विकणाऱ्यालाच कळते, म्हणून घेणारा सरासरी गुणवत्तेचाच भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, त्यामुळे सरासरी आणखी घसरते आणि शेवटी बाजारात भंगारच उरते. पण हे गृहस्थ १९६७–६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्यांच्या निबंधात आपल्याकडची उदाहरणे आहेत. गावचा सावकार आहे आणि बाजारातून आणलेल्या तांदळातून, त्यात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे वेचणारी भारतीय गृहिणीही आहे. आमच्या आजीला ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडताना पाहिलेल्या माणसाला हा सिद्धान्त वेगळा शिकवावा लागत नाही. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता, आणि त्याच कामासाठी २००१ चे नोबेल त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले.

पुस्तके मात्र बाजार कसा कोसळतो यावर जास्त आणि कसा टिकतो यावर कमी लिहितात, असे माझे मत आहे. सोन्याचा बाजार शतकानुशतके टिकला तो पेढीच्या नावावर. ‘आमचाच दागिना आमच्याकडे मोडलात तर घट नाही’ हे वाक्य म्हणजे मायकेल स्पेन्स ज्याला संकेत म्हणतात त्याचा उत्तम नमुना आहे, कारण खरे सोने देणाऱ्याला हे वचन फुकट पडते आणि खोटे देणाऱ्याचे दिवाळे काढते. त्याची उणीव अशी की गिऱ्हाईक त्याच पेढीला बांधले जाते. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मंगळसूत्राच्या वाटीच्या आतल्या बाजूला भिंगाखाली २२के९१६ आणि तो क्रमांक दिसला की तेवढ्यापुरता संशय मिटतो. घडणावळ किती लावली हा प्रश्न भिंगाखाली दिसत नाही, हेही आमच्याच धंद्यातला माणूस म्हणून कबूल करतो.

तुमच्या रंगकामालाही हे लागू आहे. रंगाचे दोन हात दिले की एकच, हे रंग वाळल्यावर कळत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात कळते. कंत्राटदाराला पाच वर्षांची लेखी हमी मागा आणि बिलातली काही रक्कम तोपर्यंत राखून ठेवा. जो लगेच कबूल होईल त्याने दोन हात देण्याचे आधीच ठरवलेले असते.

मधली_सुट्टी

सभेत ‘कोणाचा आक्षेप आहे का?’ असे विचारले गेले होते का? आमच्याकडे अर्धे ठराव ‘आक्षेप नसल्याने सर्वानुमते मंजूर’ असे इतिवृत्तात जातात, आणि त्या वेळी अर्धे लोक वड्याच्या बशीची वाट पाहत असतात.

फळा_खडू

मधली_सुट्टी यांनी माझी पुढची नोंदच लिहून टाकली. होय, विचारले होते. काम ठरल्यावर ते कोणाला द्यायचे यासाठी तीन कोटेशने वाचून दाखवली गेली आणि सर्वांत कमी दराचे ‘आक्षेप नसल्यास’ मंजूर समजावे असे सांगितले गेले. आक्षेप नव्हता. नंतर मी ती फाइल मागून घेतली तेव्हा तिन्ही कोटेशनांत इन्व्हर्टर हा शब्द अगदी एकाच चुकीने लिहिलेला आढळला. तीन वेगळ्या पेढ्यांचे टंकलेखक एकच अक्षर चुकत असतील तर तो मोठाच योगायोग आहे.

मग वीस जणांपैकी कोणी फाइल आधी का पाहिली नाही? अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मतदाराबद्दल दिलेले उत्तर इथे चपखल बसते. फाइल वाचण्यात माझी पूर्ण संध्याकाळ जाते, तिचा फायदा झालाच तर वीस घरांत वाटला जातो, आणि माझ्या एका मताने निकाल बदलण्याची शक्यता थोडीच असते. तेव्हा अडाणी राहणे हाच शहाणपणाचा हिशेब ठरतो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळले पाहिजे असा निकाल दिला, त्यानंतर आपल्याला उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे पाहता येऊ लागली. माहिती मिळवण्याचा खर्च त्याने खाली आला, पण वाचण्याचा खर्च आजही ज्याचा त्याला सोसावा लागतो.

आणि इथे तिसरा विषय येतो. मौन म्हणजे संमती ठरवली की काहीच न करणाऱ्या माणसाचे मत आपोआप प्रस्तावाच्या बाजूने मोजले जाते. मौन म्हणजे नकार असा नियम असता तर तीच माणसे, त्याच खुर्च्यांवर, तितकीच गप्प बसली असती आणि कोटेशन पडले असते. थेलर आणि बेनार्त्झी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बचत योजनेत याच आळसाचा चांगला उपयोग करून घेतला होता. कामगारांनी पुढच्या पगारवाढीतला हिस्सा बचतीत टाकण्याचे आजच कबूल करायचे आणि नको असेल तेव्हा बाहेर पडायचे. बाहेर पडायला फारसे कोणी उठत नाही. जिथे ती प्रथम राबवली गेली तिथे सहभागी झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

शब्दांचेही तसेच आहे. कानमन आणि टव्हर्स्की यांच्या १९८१ च्या प्रयोगात ६०० जणांचा बळी घेऊ शकणाऱ्या साथीवर दोन उपाय सुचवले होते, एक खात्रीचा आणि एक जोखमीचा. ‘२०० जण नक्की वाचतील’ असे लिहिल्यावर ७२ टक्के लोकांनी तो खात्रीचा उपाय निवडला, आणि तोच उपाय ‘४०० जण नक्की मरतील’ असा लिहिल्यावर फक्त २२ टक्क्यांनी निवडला. आमच्या सचिवांनी सौर पॅनेलने वीजबिलात किती बचत होईल हे सांगितले नाही. ‘दर महिन्याला एवढे पैसे आपण जाळतो आहोत’ असे म्हणून त्यांनी बिलाचा कागद वर धरला. त्यांनी अर्थशास्त्राचे एकही पुस्तक वाचलेले नाही याची मला खात्री आहे.

शून्यबेरीज

एक सावधगिरीची सूचना. मौन पाळणारे सगळेच आळशी नसतात. शेजाऱ्याशी वाकडे घेण्याची किंमत मोठी असते आणि तिचा हिशेब करून गप्प बसणे हे जुन्या, तर्कशुद्ध माणसाच्या अर्थशास्त्रातही नीट बसते. वर्तनात्मक अर्थशास्त्राच्या नावाखाली आपण कधी कधी समोरच्याचा खरा खर्च न पाहताच त्याला भोळा ठरवतो. पसंतीच्या चिठ्ठ्या गुप्त घेतल्या तर हात वर करताना जो संकोच होतो तो तरी जाईल.

फळा_खडू

मान्य. पुढच्या सभेसाठी मी गुप्त चिठ्ठ्यांचा प्रस्ताव लेखी दिला आहे. चिठ्ठ्या कोणत्या पद्धतीने मोजायच्या हे मात्र आधी ठरवावे लागेल, आणि ते ठरवण्यासाठी पुन्हा मतदान घ्यावे लागेल असे अध्यक्षांचे म्हणणे आहे.

निरीक्षक

सगळी चर्चा वाचल्यावर एक प्रश्न राहिला. मूळ लेखात तुम्ही मोजणीच्या तीन पद्धती सांगितल्या, त्यांत लिफ्ट जिंकते ती सर्वांत आधी, तीही ‘आपल्या लोकसभेसारखी’ अशी ओळख करून देऊन. सचिव कोणत्या गटातले हे तुम्ही सांगितलेत. तुम्ही स्वतः कोणत्या मजल्यावर राहता?

फळा_खडू

चौथ्या. लेख संपादित करण्याची मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे क्रम आता आहे तसाच राहील.